पाचगणीचे तीन मृत्यू आणि सोलापूरचं घड्याळ: एका रहस्यपेटीचं परीक्षण

सोलापुरात नवी पेठेच्या आतल्या बोळात, कापडाच्या दुकानांवरच्या पहिल्या मजल्यावर, बैठे खेळ भाड्यानं देणारी एक जागा आहे. तिथली सध्या सगळ्यात जास्त फिरणारी वस्तू म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी एक पुठ्ठ्याची पेटी. झाकणावर धुक्यातल्या व्हरांड्याचा फोटो, आत अकरा पाकिटं. कथा अशी: पाचगणीच्या एका निसर्गोपचार आरोग्यधामात जानेवारीतल्या दहा दिवसांत तीन पाहुणे दगावतात. व्यवस्थापन म्हणतं, तिन्ही मृत्यू नैसर्गिक. खेळणारे म्हणजे तिथंच उपचाराला आलेले चार ते सहा जण. त्यात निवृत्त तलाठी आहे, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाई आहेत. पोलिस कुणीच नाही. कागद वाचायचे, प्रश्न विचारायचे आणि तीन तासांत सांगायचं, कोण कशानं गेलं आणि कुणामुळे.

दोन रात्रींचं भाडं ४०० रुपये, अनामत १०००. तिथंच टेबलावर बसून सूत्रधारासह खेळायचं असेल तर माणशी ३००. आधी घरी नेऊन खेळा. सूत्रधार मुलगा चुणचुणीत आहे, पण भिडू अडले की त्याला राहवत नाही आणि तो भुवया उडवतो.

जागा चांगली निवडली आहे. पाचगणीची हवा आणि आजारी माणसं हे नातं जुनं. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं ते १९१२ साली, म्हणजे क्षयावर औषध सापडायच्या कितीतरी आधी. तेव्हा उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती. पेटीतल्या आरोग्यधामाचा नकाशा त्याच जुन्या घडणीचा आहे: लांब व्हरांडा, ओळीनं खोल्या, प्रत्येकीला मागच्या बाजूला छोटी न्हाणी. ही न्हाणी लक्षात ठेवा.

यापुढे उकल सांगितलेली नाही, गुन्हेगाराचं नाव तर नाहीच. पण काही पुरावे उघड करावे लागतील, नाहीतर पेटी चांगली का आणि कुठं घसरते ते सांगता येणार नाही. कोऱ्या पाटीनं खेळायचं असेल त्यांनी इथंच थांबावं.

पहिला मृत्यू न्हाणीतला आहे आणि सोलापूरचे बहुतेक संघ तिथंच फसतात. शवविच्छेदनाच्या कागदावर तीन आकडे आहेत. सकाळी ९ वाजता गुदाशयातलं तापमान २९.५ अंश, न्हाणीतल्या हवेचं ११ अंश, आणि जबडा-मान-हात ताठ, पाय अजून सैल. बघितलं की सोपं वाटतं. जिवंत माणसाचं ३७ धरलं तर साडेसात अंशांची घट. प्रेत तासाला साधारण अर्धा अंश निवतं असं कुठंतरी वाचलेलं असतं. भागाकार केला की पंधरा तास, म्हणजे मृत्यू आदल्या संध्याकाळी सहाला. मग रात्री नऊला हाच माणूस जेवणघरात दिसला असं सांगणारी बाई खोटारडी ठरते आणि पुढचा दीड तास संघ त्या बिचारीच्या मागे लागतो. तेवढ्यात कुणीतरी ताठरपणाचा हिशेब मांडतो. उन्हाळ्यात प्रेत भराभर ताठतं, त्या मानानं हात ताठ आणि पाय सैल म्हणजे फार तर तीन तास, म्हणजे मृत्यू पहाटे सहाचा. एकाच प्रेताचे दोन हिशेब, मध्ये बारा तासांचं अंतर. इथं भांडणं होतात.

तापमान आणि ताठरपणा या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, चुकलेलं आहे घड्याळ. अर्धा अंश हा उष्ण हवेतला वेग. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर प्रेत निवायचंच थांबतं, कारण बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम. ११ अंशांच्या न्हाणीत, ओल्या अंगानं, उघड्या गार फरशीवर पडलेलं किरकोळ अंगाचं शरीर तासाला एक अंशाहून बरंच जास्त उतरतं. दीड धरा, पाच तास येतात, पहाटेचे चार. आता ताठरपणा. थंडी निवण्याचा वेग वाढवते, पण ताठण्याचा कमी करते. स्नायूंतली रासायनिक क्रिया गारठ्यात रेंगाळते, म्हणून ताठरपणा उशिरा येतो आणि उशिरा जातो. आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तो उन्हाळ्यात १८ ते ३६ तास आणि हिवाळ्यात २४ ते ४८ तास टिकतो असं दिलेलं असतं, ते याचमुळे. सोलापुरात तीन तासांत दिसलं असतं ते पाचगणीच्या पहाटे पाच तासांनी दिसतं. दोन्ही हिशेब चारवर येऊन भेटतात, आणि चार ही आरोग्यधामाच्या दिनक्रमात ब्राह्ममुहूर्तावरच्या स्नानाची वेळ आहे. जेवणघरातली बाई खरं बोलत होती.

हा सगळा भाग रचणाऱ्यानं फार विचारानं बांधला आहे. एकच तक्रार. उत्तरपत्रिकेत मृत्यूची वेळ अर्ध्या तासाच्या आत मागितली आहे. तापमानावरून काढलेल्या वेळेत दोन-तीन तासांची ओढाताण खऱ्या आयुष्यातही राहतेच, अंगावरची चरबी, कपडे, वारा, आधीचा ताप यांतलं काहीही ती हलवतं. "तीन ते पाच" लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्यायला हवे होते.

न्हाणीत गॅस गिझर आहे, झरोका बंद आहे आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला आहे. टॉवेल सोलापुरीच, टर्किश. इथल्या भिडूंना तेवढंच समाधान. हवा कोंडली की गिझरच्या ज्योतीला प्राणवायू पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. माणूस तोल जाऊन बसतो आणि दाराची कडी काढायचंही त्राण राहत नाही. पाकीट चारमध्ये मेल्यावर पाठीवर पडणाऱ्या डागांचा रंग दाखवणारं कार्ड आहे, गुलाबी-लाल. कार्ड हातात पडताच संघ ओरडतो, "गिझर!" घाई करू नका. गारठ्यात पडलेल्या प्रेतावरचे डागही गुलाबी दिसतात. नुसत्या रंगावरून गिझरला दोषी धरता येत नाही, आणि हे पेटीला पक्कं ठाऊक आहे. निर्णय पाकीट सहामधल्या प्रयोगशाळेच्या कागदावर होतो. तिथं टॅनिक आम्लाची परीक्षा आहे: पातळ केलेल्या रक्तात टॅनिक आम्ल घातलं की साधं रक्त तपकिरी पडतं, कार्बन मोनॉक्साइडचं गुलाबीच राहतं. शेजारी दोन रंगपट्ट्या चिकटवल्या आहेत.

या पट्ट्या आणि ते कार्ड दिवसाउजेडी पाहा. पिवळट बल्बखाली तपकिरी आणि विटकरी एकच भासतात, आणि बऱ्याच हातांतून गेलेल्या पेटीतलं कार्ड घामाच्या बोटांनी आधीच फिकटलेलं असतं. रात्री खेळायचं असेल तर मोबाइलचा पांढरा उजेड कार्डावर सरळ पाडा. टॉवेलबद्दल फक्त एवढंच: पाकीट सातमधल्या फोटोत घडीची दुमड कुठल्या बाजूला आहे ते बघा. गार वारा लागू नये म्हणून टॉवेल आतून कोंबणारा आणि बाहेरून रेटणारा, यांच्या हातून दुमड सारखी पडत नाही.

दुसऱ्या मृत्यूच्या आधी शेंगाचटणीचा प्रकार येतो. तो फार छान रचला आहे आणि तो सोलापूरकरालाच पुरता उलगडतो. सोलापूरहून आलेल्या पाहुण्याच्या डब्यातली चटणी खाऊन एक बाई असंबद्ध बडबडू लागतात, तोंड कोरडं, कातडी लाल आणि तापलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, हवेतून काहीतरी वेचल्यासारखी बोटं. त्या वाचतात. लक्षणं धोतऱ्याची आहेत, यात शंका नाही. पेटीत एक पुडी आहे, तिच्यात चपटं पिवळसर बी. सोबत लॅमिनेट केलेला मोठा फोटो, शेजारी-शेजारी दोन बिया चिरलेल्या. धोतऱ्याचं बी जाड, गडद, खडबडीत, चवीला कडू. मिरचीचं पातळ, फिकट, गुळगुळीत, झणका असलेलं. लांबीत चिरलं तर धोतऱ्यातला अंकुर टोकाशी बाहेर वळलेला दिसतो, मिरचीतला इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत. पुडीत धोतऱ्याचं बी दिलेलं नाही, मिरचीचंच आहे आणि धोतरा फक्त फोटोत. घरात लहान मुलं असतात, शहाणपणा केला. तरी पुडीतलं काहीही तोंडात घालून बघू नये, हे पाकिटावर ठळक छापायला हवं होतं.

मेख वेगळीच आहे. आपली शेंगाचटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट, तेल सुटेपर्यंत कुटलेलं. त्यात मिरची जाते ती तिखट होऊन. मग डब्यात अख्ख्या बिया आल्या कुठून? बी मिरचीचं की धोतऱ्याचं या वादाआधी हा प्रश्न विचारला की डबा पाठवणारा सुटतो आणि डबा उघडणाऱ्यांची यादी हातात येते. पुण्या-मुंबईच्या भिडूंना हे कितपत सुचेल कोण जाणे. कडक भाकरीबरोबर रोज चटणी खाणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात सुचायला हवं.

दुसरा मृत्यू काढ्याचा. इथं ईसीजीची पट्टी दिली आहे आणि ती वाचता यायला हवी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, म्हणजे मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या आकड्यानं भागा. पट्टीवर आठ चौकोन आहेत, म्हणजे नाडी मिनिटाला ३७-३८. रक्तात पोटॅशियम वाढलेलं. प्रयोगशाळेच्या कागदावर डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयविकारावरच्या एका औषधाची, चाचणी सकारात्मक. एका पाहुण्याच्या पिशवीत डिगॉक्सिनच्या गोळ्या सापडलेल्या असतात, त्यामुळे संघ खुशीत येतो. पण या चाचणीला डिगॉक्सिनसारखी दिसणारी दुसरी द्रव्यंही चकवतात, पिवळ्या कण्हेरीतली विषं त्यांतलीच. आवाराच्या नकाशावर कुंपणालगत पिवळ्या फुलांची झाडं दाखवली आहेत आणि पाकीट आठमध्ये कोनदार कठीण आठळीचं रेखाचित्र आहे. बिट्टी, आपल्याकडे रस्त्याच्या दुभाजकांवर सर्रास लावतात तीच. कडू काढ्यात कडू बी लपतं. गोळ्यांची पट्टी मोजली तर एकही गोळी कमी नाही, हे पाकीट पाचमध्येच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

तिसरा मृत्यू रसोपवासाच्या सातव्या दिवशी, मधुमेही माणसाचा. हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सरस. परिचारिकेच्या खिशात इन्सुलिनची सुई सापडते. साखर २८. सगळं जुळतं, म्हणूनच जुळवून घेऊ नका. मेल्यानंतर रक्तातली साखर आपोआप उतरते, तेव्हा मरणोत्तर नमुन्यातली कमी साखर काहीच सिद्ध करत नाही. पेटी रचणाऱ्याला हे माहीत आहे. नमुना पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी, माणूस बेशुद्ध पण जिवंत असताना घेतलेला आहे. साखरेची नळी राखाडी टोपीची आहे, म्हणजे आत फ्लोराइड. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि नमुना पोचेपर्यंत आकडा आणखी खाली येतो. म्हणून २८ विश्वासार्ह आहे.

आता त्याच कागदाची खालची ओळ. इन्सुलिन जास्त, सी-पेप्टाइडही जास्त. स्वादुपिंड स्वतः इन्सुलिन तयार करतं तेव्हा जोडीला तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर ते येत नाही. सुईनं मारलं असतं तर इन्सुलिन वर आणि सी-पेप्टाइड खाली असतं. दोन्ही वर म्हणजे स्वादुपिंडाला कुणीतरी पिळलंय, आणि ते काम मधुमेहावरच्या ग्लिबेनक्लमाइडच्या जातीच्या गोळ्या करतात. उपाशी माणसाला त्या चालू ठेवल्या तर साखर दिवसभर वर येत नाही. सुईवाली परिचारिका निर्दोष. गोळ्या कुणी दिल्या, चुकून की ठरवून, ते पाकीट दहामध्ये. हा दुवा फार्मासिस्टची भूमिका करणाऱ्याला सापडावा अशी योजना आहे. म्हणून ती भूमिका टेबलावरच्या सगळ्यात चिकट वाचकाला द्या, सगळ्यात बडबड्याला नको.

मधुमेहाच्या मूर्च्छेच्या नावाखाली विषप्रयोग खपवण्याची युक्ती महाराष्ट्राच्या न्यायालयांना नवी नाही. १९५६ च्या लक्ष्मीबाई कर्वे मृत्यूप्रकरणात व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांत, विष सापडलं नव्हतं, तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. अनंत लागू दोषी ठरले आणि सर्वोच्च न्यायालयानंही फाशी कायम ठेवली. पेटीच्या गुणदान-तक्त्यात विष ओळखण्यापेक्षा मृत्यूनंतरच्या हालचालींना जास्त गुण आहेत: दाखला कुणी मागितला, सामान कुणी आवरलं, नातेवाइकांना कुणी उशिरा कळवलं. हे वजन बरोबर ठेवलं आहे.

चुका दोन, आणि दोन्ही टाळण्यासारख्या. शवविच्छेदनाच्या कागदावर "व्हिसेरा फॉर्मॅलिनमध्ये जतन" असं छापलं आहे. विषाच्या तपासणीसाठी जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड ठेवतात ते सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात. फॉर्मॅलिन ऊतींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असेल तेव्हा, त्यात बुडवलेल्या अवयवातून विष काढणं दुरापास्त होतं. बरणीही काठोकाठ भरत नाहीत, दोनतृतीयांशच भरतात, कारण आत वायू साठतो. गंमत म्हणजे त्याच कागदावर कार्बन मोनॉक्साइडसाठीचं रक्त लिक्विड पॅराफिनच्या थराखाली ठेवल्याचं अगदी बरोबर लिहिलंय. म्हणजे रचणाऱ्याला माहिती आहे, मुद्रणात कुणीतरी घोळ घातला. चाणाक्ष संघ या फॉर्मॅलिनलाच पुरावा समजतात, डॉक्टर सामील आहे असा तर्क लढवतात आणि वीस मिनिटं वाया घालवतात. डॉक्टर सामील नाही. एवढं सांगून टाकतो, कारण दोष खेळाचा आहे, खेळणाऱ्याचा नाही.

दुसरी चूक: घटना जानेवारी २०२५ ची, पण अकस्मात मृत्यूच्या नोंदीवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ लिहिलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिथं ते कलम १९४ आहे. उकलीवर परिणाम नाही, पण टेबलावर वकील बसला असेल तर तो सोडत नाही. बाकी पंचनाम्याची भाषा झकास आहे, "समक्ष पाहता" पासून "येणेप्रमाणे" पर्यंत. नमुने पुण्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवलेत, सातारा जिल्ह्याच्या मानानं पटण्यासारखंच.

वेळेचं गणित सांगायचं तर तीन तास जेमतेम आहेत. पहिल्या मृत्यूला पाऊण तास, चटणीला पंधरा मिनिटं, काढ्याला अर्धा तास, उपवासाला एक तास आणि उरलेलं जुळवाजुळवीला, अशी वाटणी केली तर निभतं. पाकिटं क्रमानंच फोडा. पाच आणि सहा एकत्र फोडायचा मोह होतो, पण सहामधला कागद पाचमधले प्रश्नच मारून टाकतो. मोठ्या कार्डशीटवर आडवा वेळेचा पट्टा आखा, प्रत्येक पाहुण्याला एक ओळ. पेटीत तसा तक्ता दिलेला नाही, द्यायला हवा होता. एक जण फक्त जबाब वाचणारा, एक जण फक्त आकडे सांभाळणारा ठेवा. पंख्याखाली बसणार असाल तर कागदांवर ठेवायला काहीतरी जड घ्या, ईसीजीची पट्टी सगळ्यात आधी उडते.

चारपेक्षा कमी भिडू असतील तर नेऊ नका, वाचायचे कागद ६२ आहेत. सहा असतील तर उत्तम. बारा वर्षांखालच्या मुलांना हा खेळ नाही. विषाची वर्णनं आहेत म्हणून नव्हे, आकडेमोड त्यांना कंटाळवाणी होते म्हणून.

अनामत देण्याआधी तिथल्या तिथं मोजून घ्यायच्या वस्तू तीन. ईसीजीची पट्टी अख्खी आहे ना, कारण फाटून सहा चौकोनांची झाली तर नाडी ५० येते आणि सगळा काढा सुटतो. पाकीट सहामधल्या दोन्ही रंगपट्ट्या चिकटलेल्या आहेत ना. आणि पाकीट सातमधला टॉवेलचा फोटो. तो नसेल तर झेरॉक्स चालेल असं काउंटरवर सांगतात. झेरॉक्समध्ये दुमड दिसत नाही. मूळ फोटोच मागा.